डोर्नकलचे बिशप अझरिया

स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जून १९१० मध्ये जागतिक मिशनरी परिषद भरली होती. तीत पस्तीस वर्षांच्या एका भारतीय धर्मोपदेशकाने यजमानांना अवघडून टाकणारे भाषण केले. परदेशी मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी मान्य केला. मात्र हे मिशनरी भारतीय सहकाऱ्यांचे पालक होतात, मित्र होत नाहीत, असे स्पष्ट सांगितले. हस्तांदोलन, बसावयास खुर्ची, एकत्र जेवण या गोष्टी क्षुल्लक खऱ्या, परंतु स्नेह असेल तर तो त्यांतूनच प्रकटतो. शेवटी त्यांनी मागितली ती केवळ मैत्री. अनेक श्रोत्यांना ते रुचले नाही.

वेदनायगम सॅम्युएल अझरिया हे ते वक्ते. तिरुनेलवेली भागातील नाडार कुटुंबात १८७४ मध्ये जन्मलेल्या अझरियांनी वायएमसीएमधील पद सोडून १९०९ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील डोर्नकल गाठले. तेथली तेलुगू भाषा त्यांना परकी होती. ती ते शिकले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कोलकात्यात त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन पंथाचे ते पहिले भारतीय बिशप. (कॅथलिक परंपरेत हा मान दिवाडीच्या मातेउश द कास्त्रू यांना १६३७ मध्येच मिळाला होता, हे गोमंतकीयांस ठाऊक असावे.)

त्यांच्या धर्मप्रांतातील बहुसंख्य अनुयायी माला व मादिगा या अस्पृश्य गणलेल्या जातींतील होते. पुढे ही संख्या दोन लाखांवर गेली आणि सामुदायिक धर्मांतराच्या प्रश्नावर गांधीजींशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. तरीही ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, या कल्पनेला अझरियांनी विरोध केला. त्यांना केवळ धर्मप्रसारक ठरवणाऱ्यांच्या नजरेतून ही बाब निसटते.

त्यांची वृत्ती डोर्नकलच्या कॅथेड्रलमध्ये दगडी रूपात दिसते. मशिदीची आठवण करून देणारे घुमट, मंदिराच्या धर्तीचे खांब आणि मध्यभागी ख्रिस्ती वेदी, अशी ही वास्तू उभारण्यास सुमारे पाव शतक लागले. ६ जानेवारी १९३९ रोजी तिचे अर्पण झाले.

विलायतेतील पंथभेद भारतीय खेड्यांवर का लादावेत, हा त्यांचा प्रश्न १९१९ च्या तरंगमबाडी परिषदेपासून गाजत होता. १ जानेवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळाने, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, विविध पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाले.