बालपणीचा घाव आणि गरोदरपणातली नशा

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांचे कोयते उसाच्या फडाकडे निघतात. बीड जिल्ह्यातल्या अशा घरांतल्या कितीतरी मुलींची शाळा मध्येच सुटते, लग्न लवकर होतं. मारहाण किंवा अत्याचार झाला, तरी त्याची वाच्यता होत नाही.

असे घाव शरीरातही मुरतात. 1998 मध्ये अमेरिकेत फेलिट्टी आणि आंडा यांनी दाखवलं, की बालपणीचे आघात जितके जास्त, तितका पुढे व्यसनाचा धोका वाढतो. भेदरलेल्या मनाला गुंगी हा आधार वाटतो. अफूवर्गीय औषधं, म्हणजे ट्रामाडॉलच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखण्यासोबत भीतीही बधिर करतात.

गरोदरपणात ही औषधं वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. अशी औषधं सतत घेतली असतील, तर जन्मानंतर बाळ थरथरतं, कर्कश रडतं, नीट दूध ओढत नाही. यावर उपचार आहेत. मात्र सवय लागली असेल, तर गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देऊन तिला सावरतात.

मिश्रीही निरुपद्रवी नाही. मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरतात, असं 2004 चा मुंबईतला अभ्यास सांगतो.

अशा आईला बोल लावू नका, आधी तिचं ऐका. गावातल्या आशा स्वयंसेविकेला सांगा. व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी 14416 आणि संकटातल्या मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत.