मंडपांतील बोलपट आणि कायदा

उल्हासनगरच्या एखाद्या कँपांत गणेशोत्सवाची रात्र असावी. आरती आटोपते, दोन बांबूंमध्यें पांढरा पडदा ताणला जातो, कोणी लॅपटॉप व प्रोजेक्टर आणून जोडतो, आणि सतरंज्यांवर दीड-दोनशें माणसें दाटीनें बसतात. अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांच्या गच्चीवरही असाच पडदा लागतो. तिकीट कोठेंच नसतें. कार्यकर्त्यांची समजूत एकच: पैसे घेतले नाहींत, मग गुन्हा कसला? ही समजूत कायद्याला मान्य नाहीं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें चित्रपटाच्या मालकास मुख्यतः तीन गोष्टींचा अधिकार दिला आहे: प्रत काढणें, ती विकणें वा भाड्यानें देणें, आणि चित्रपट जनतेपुढें आणणें. तबकडी विकत घेणारा वस्तूचा धनी होतो. तिसरा अधिकार त्याच्या पदरीं पडत नाहीं. नाटकाचें पुस्तक विकत घेतलें म्हणून कोणी प्रयोगाचा मालक होत नाहीं, तसेंच हें. घरगुती वर्गणी भरून मोबाइलवर दिसणाऱ्या चित्रपटाचीही तीच कथा.

पण 'जनता' म्हणावें कोणास? मुंबई उच्च न्यायालयापुढें हा प्रश्न १९८९ मध्यें 'गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक' या खटल्यांत आला. केबलवाले तारेनें घरोघरीं चित्रपट दाखवीत. प्रत्येक जण आपल्या घरांत बसून पाहतो, मग हें खासगीच नव्हे काय, असा बचाव होता. न्यायालयानें तो मानला नाहीं. हे ग्राहक एका कुटुंबांतील माणसें किंवा पाहुणे नव्हेत. ते जनतेचाच एक भाग होत, असें ठरलें. मग भर मंडपांत बसलेल्या दोनशें माणसांविषयीं काय सांगावें!

येथें एक चमत्कारिक भेद आहे. हौशी मंडळीनें विनामूल्य प्रेक्षकांपुढें किंवा धर्मसंस्थेच्या साहाय्यार्थ नाटक केलें, तर कलम ५२ त्यांना सूट देतें. मात्र 'नाट्यकृती'च्या व्याख्येंतून चित्रपट स्पष्ट वगळलेला आहे. त्याच मंडपांत आज नाटक निर्वेध होतें, उद्यां बोलपटाला परवानगी लागते. शाळेला मात्र सवलत आहे: विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशीं संबंधित माणसें एवढ्यांपुरताच खेळ असेल तर. फाटक उघडून सारी आळी आंत घेतली कीं ती सवलत संपते.

जुन्या चित्रपटांची गोष्ट निराळी. प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षें मोजावयाचीं. १९५३ च्या 'श्यामची आई'वरील चित्रपट म्हणून असलेला अधिकार २०१३ च्या अखेरीस संपला. कथा व गीतें यांचे अधिकार कर्त्याच्या आयुष्यावर मोजले जात असल्यामुळें तेथेंही चौकशी करणें बरें.

जाणूनबुजून केलेल्या भंगास सहा महिने ते तीन वर्षें कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभ नसेल तर कारणें नमूद करून न्यायालय शिक्षा कमी करूं शकतें; तरी ज्या चिटणीसाच्या नांवानें मंडपाचा परवाना निघतो, त्याला फेऱ्या चुकत नाहींत. भाडें घेऊन सभागृह देणारा मालकही, प्रकार ठाऊक असल्यास, जबाबदारींतून सुटत नाहीं.

उपाय अवघड नाहीं. निर्मात्यास किंवा वितरकास चित्रपटाचें नांव, जागा, तारीख व अंदाजे प्रेक्षकसंख्या कळवून लेखी संमति मागावी, आणि ती हातीं आल्यावरच फलक लावावा.