बुरशी मारायची नसते, काढायची असते : बंद पडलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरची साफसफाई

(ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजच्या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी सगळं तसंच आहे.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आलाय. हा श्रोता अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ राहतो. त्याच्या शेजाऱ्याकडे २० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, चार हिवाळे अंगणात तसाच उभा. शेजारी म्हणतो, घेऊन जा, जवळपास फुकट. आत कुबट वास, पलंगाच्या कोपऱ्यात आणि खिडकीखाली काळे ठिपके. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येणार आहेत, त्यांना घेऊन समुद्रकिनारी कॅम्पिंगला जायचा बेत आहे. बाबांना दमा आहे. प्रश्न एवढाच : ब्लीच मारून पुसून घेतलं तर चालेल ना?

नाही चालणार. का नाही आणि मग काय करायचं, तेच आज बघू.

आधी ज्यांनी ट्रॅव्हल ट्रेलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : हे चाकांवरचं छोटं घर असतं. स्वतःचं इंजिन नाही, गाडीला मागे जोडून ओढायचं. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, टॉयलेट सगळं. भिंत मात्र घरासारखी जाड नसते. आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं प्लायवूड, मध्ये बारीक लाकडी चौकट आणि काचलोकर, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबरग्लास. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बुरशीला लागतं तरी काय?

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की आजी का ओरडते? कारण बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतातच. खायला काहीतरी असतंच. कमी असतं ते फक्त पाणी, आणि ते आपण चमच्याने नेऊन दिलेलं असतं.

ट्रेलरचंही तेच. लाकूड, कागद, डिंक, धूळ हे सगळं बुरशीचं जेवण आणि ते ट्रेलरमधून काढून टाकता येत नाही. आपल्या हातात असतं ते फक्त पाणी. म्हणून काळा डाग हा बग नाही, ती एरर लॉगमधली एक ओळ आहे. लॉग डिलीट केला म्हणून बग जात नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी कळतं.

पाणी येतं कुठून?

दोन वाटांनी.

पहिली वाट गळती. बऱ्याच ट्रेलरच्या छतावर ईपीडीएम नावाच्या रबराची चादर असते. ती सहसा मधोमध फाटत नाही. गळतं ते सांध्यांमधून : छतावरचा हवेचा झरोका, खिडक्यांच्या चौकटी, कोपऱ्यावरच्या पट्ट्या, वरचे छोटे दिवे. तिथलं सीलंट उन्हाने आणि थंडीने तडकतं. पाणी भिंतीच्या आतून खाली उतरतं, काचलोकरीत साठतं आणि सगळ्यात शेवटी आतल्या प्लायवूडवर डाग दिसतो. म्हणजे डाग जिथे दिसतो तिथे गळती असेलच असं नाही, ती बहुतेक वेळा त्याच्या वर कुठेतरी असते.

दुसरी वाट म्हणजे आपला श्वास, आंघोळ, स्वयंपाक. आत २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव जमायला लागतं. हिवाळ्यात खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट याहून कितीतरी थंड असते. त्यात कोणी सुटा गॅस हीटर आत लावला तर आणखी भर. एक किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. ही साधी रसायनशास्त्राची बेरीज आहे. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तो वेगळाच.

घ्यायचा की नाही?

फुकट ट्रेलर सगळ्यात महाग पडू शकतो. म्हणून हो म्हणायच्या आधी अर्धा तास द्या. अंगठ्याने भिंती दाबत जा : खिडक्यांच्या खाली, चारही कोपरे, पलंगाखाली, झरोक्याच्या भोवती. दाराजवळच्या जमिनीवर पाय दाबून बघा. कुठे भुसभुशीत लागलं तर आतलं लाकूड कुजलंय.

सोबत टोकदार पिनांचा मॉइश्चर मीटर न्या. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. लाकूड १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. २० टक्क्यांच्या वर गेलं की कुजण्याचा धोका.

तिसरी गोष्ट, पसारा मोजा. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की बुरशी साधारण १० चौरस फुटांपेक्षा कमी जागेत असेल, म्हणजे अंदाजे ३ फूट बाय ३ फूट, तर बहुतेक वेळा घरच्या घरी काढता येते. त्याहून जास्त असेल तर जाणकारांचं काम. मुख्य चौकटच कुजली असेल तर शेजाऱ्याला हात जोडून नमस्कार करा आणि घरी या.

आत शिरण्याआधी

ट्रेलरची बाहेरची वीज काढा, बॅटरी सोडवा, गॅसचे सिलिंडर बंद करा. ओल्या भिंतीत वायरी असतात.

मग उंदीर. बंद ट्रेलर आणि उंदीर हे समीकरण पक्कं आहे. पश्चिम अमेरिकेत डिअर माऊस जातीच्या उंदरांतून हंताव्हायरस पसरतो. श्वसनाची लक्षणं दिसू लागलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के लोक दगावतात, असं अमेरिकेची सीडीसी सांगते. म्हणून लेंड्या किंवा घरटं दिसलं तर झाडू नको, व्हॅक्यूमही नको. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. मग हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारा, पाच मिनिटं भिजू द्या, कागदी टॉवेलने उचला, पिशवीत बांधा. नंतर ती जागा साध्या पाण्याने पुसून घ्या.

अंगावर काय हवं? नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क. कापडी किंवा सर्जिकल नाही. डोळ्यांना भोकं नसलेला गॉगल, कोपराकडे अर्ध्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे, आणि धुता येतील असे पूर्ण बाह्यांचे कपडे.

आणि हे काम कोणी करू नये? दमा, फुफ्फुसाचा जुना आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी अजिबात नाही. बाबा कितीही म्हणाले, ‘अरे, मी मदत करतो ना,’ तरी त्यांना त्या दिवशी ट्रेलरजवळ फिरकू द्यायचं नाही.

कामाचा क्रम

क्रम चुकला की मेहनत वाया.

१. आधी गळती. कोरड्या दिवशी छतावरचं तडकलेलं सीलंट खरवडून नवीन लावा. सपाट छतासाठी आपोआप पसरणारं सीलंट मिळतं. ते आपल्या छताच्या रबराला चालतं का, हे डब्यावर वाचा. खिडकीच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप. सिलिकॉन टाळा, कारण पुढच्या वेळी त्याच्यावर दुसरं काही धड चिकटत नाही.

२. मग सच्छिद्र सामान बाहेर. फोमची गादी, उशा, गालिचा, बुरशी लागलेले पडदे. फोमच्या आत गेलेली बुरशी धुऊन निघत नाही, म्हणून जीव न अडकवता टाका. आतच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग बाहेर काढा, नाहीतर कण सगळ्या ट्रेलरभर सांडतात.

३. हवा बाहेर जाऊ द्या. छतावरच्या झरोक्यातला पंखा बाहेर फेकणारा ठेवा आणि लांबची एक खिडकी उघडा. टेबल फॅन बुरशीवर रोखायचा नाही. ते म्हणजे रांगोळीवर पंखा लावणं.

४. कठीण पृष्ठभाग धुवा. प्लास्टिक, काच, धातू, फायबरग्लासचं बाथरूम, लॅमिनेट : साबणाचं पाणी, ब्रश, फडका. कोरडं घासू नका, ओलं करूनच घासा. फडके सतत बदला आणि जागा लगेच कोरडी करा.

५. भिंत उघडा. प्लायवूड फुगलं असेल, वरचा कागद सुटला असेल, तर तेवढा तुकडा कापून काढा. आतली ओली काचलोकरही काढा. मागची चौकट ठणठणीत असेल आणि वरवर बुरशी असेल, तर ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, हलकं घासा आणि हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढून घ्या. साधा व्हॅक्यूम पुढून ओढतो आणि मागून सगळं हवेत सोडतो.

६. आता वाळवा. डिह्युमिडिफायर लावा. थंडीत काँप्रेसरवाला मंदावतो, तिथे डेसिकंट प्रकारचा बरा. बुरशी निघाली आहे, म्हणून आता पंखेही चालतील. मीटर १५ च्या खाली येईपर्यंत भिंत उघडीच ठेवायची. घाईने नवीन प्लायवूड ठोकलं की आपण ओल आत कोंडली. रंगाचंही तसंच : बुरशीवर रंग मारला तर काही दिवसांत पोपडे.

मग ब्लीच का नको?

दोन कारणं. एक, मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देते. डाग पांढरा झाला म्हणजे कण गेले असं नाही. म्हणून ईपीए बुरशीसाठी ब्लीच सरसकट वापरायला सांगत नाही. लाकडावर तर ब्लीचचं काम वरवरच होतं आणि आत मुरतं ते पाणी. म्हणजे पुन्हा ओला चमचाच.

दोन, बंद जागा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर मिसळला तर क्लोरीन वायू होतो. अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन. २० फुटी डब्यात हे जिवावर बेततं. उंदरांसाठी ब्लीच वापरलं ते विषाणू मारायला, आणि म्हणूनच नंतर ती जागा पाण्याने पुसायला सांगितली.

ओझोन मशीनच्या जाहिरातीही दिसतील. माणसाला सुरक्षित असेल एवढ्या ओझोनने बुरशी हटत नाही, आणि बुरशीला लागेल एवढा ओझोन फुफ्फुसांना झेपत नाही.

झाली का साफ?

बुरशीच्या कणांसाठी अमेरिकेत सरकारी मर्यादाच ठरलेली नाही. त्यामुळे टेस्ट करून ‘पास’ असा शिक्का मिळत नाही. आपली टेस्ट आपणच करायची. दोन-तीन चांगले पाऊस पडू द्या, मग जुन्या ओल्या जागांवर पुन्हा मीटर लावा. ट्रेलर दोन दिवस बंद ठेवून उघडा आणि नवीन माणसाला वास घ्यायला सांगा, कारण आपल्या नाकाला सवय झालेली असते. मीटर कोरडा आणि वास नाही, तर काम झालं.

बाबांचं काय? हे सगळं जमलं, तर आधी दिवसा तासभर बसवा, त्यांचा इन्हेलर जवळ ठेवा, आणि रात्री झोपवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. कुबट वास थोडा जरी उरला असेल, तर आई-बाबांसाठी किनाऱ्यावर खोली बुक करा.

पुढची राखण सोपी आहे. दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक आत टांगा आणि काटा ३० ते ५० टक्क्यांत ठेवा, ६० च्या वर कधीच नाही. पाणी सांडलं, गळलं, तर २४ ते ४८ तासांत वाळवा. वर्षातून दोनदा छतावरचे सांधे बघा, त्यातली एक वेळ पावसाळी दिवस सुरू होण्याआधी. गाद्या उभ्या करून ठेवा आणि कपाटांची दारं उघडी.

कोकणात किंवा गोव्यात पावसाळाभर बंद असलेलं घर उघडणाऱ्यांनो, भिंती जाड असल्या तरी क्रम तुमच्यासाठीही हाच : आधी गळती, मग ओल, मग बुरशी. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!