जुनी शिलाई मशीन घेताना

सन १९९८ मध्ये आम्ही राजूरला कापडाच्या दुकानाला लागूनच शिलाईकाम सुरू करायचे ठरवले. नवी मशीन आवाक्याबाहेर होती. म्हणून शहरातल्या जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याकडून कारखान्यातली मशीन उचलली. ताजा रंग पाहून आम्ही भुललो. गावी आणून पँटच्या जाड कापडावर चालवली, तर टाके सुटू लागले. मिस्त्रीने रंग खरवडला, तेव्हा बिडाच्या अंगाला वेल्डिंगचा सांधा निघाला. लग्नसराई हातची गेली आणि घरातला एक दागिनाही गेला. भोकरदन, जालन्याकडचे तरुण कारागीर आता आम्हाला विचारायला येतात, म्हणून हा तजुर्बा लिहीत आहोत.

आधी काम ठरवा. ब्लाउज, सलवार-कमीज आणि किरकोळ दुरुस्ती एवढेच असेल, तर जुनी पायमशीन पुरे. लाईट गेली तरी ती थांबत नाही. उषा मशीन १९३६ पासून आपल्याकडे बनत आली आहे. अशा चालत्या मशीनचे सुटे भाग आणि मिस्त्री तालुक्याला सापडतात. शर्ट-पँटचा मोठा माल काढायचा असेल, तरच कारखान्यातली मशीन बघा. तिचा वेग मिनिटाला हजारो टाक्यांचा असतो, पण नवशिक्याचा हात तेवढा चालतो कुठे?

मशीन बघायला जाताना आपलेच कापड, आपलाच धागा आणि नवी सुई न्यावी. दुकानदाराच्या मऊ चिंधीवर कोणतीही मशीन गोड शिवते! आधी मोटार बंद ठेवून चाक हाताने सावकाश फिरवा. मध्येच अडले, तर सावध व्हा. सुईची दांडी धरून हलवा, खुळखुळ नको. शटलच्या टोकावर नख फिरवा. ते खरखरीत लागले, तर धागा रोज तुटणार. कापड पुढे ओढणारे दाते झिजून गुळगुळीत झाले असतील, तर टाका लहान-मोठा पडतो. मग मलमलचा दुहेरी तुकडा आणि जीन्सच्या चार घड्या शिवून पाहा. वरचा आणि खालचा, दोन्ही टाके तपासा.

कारखान्याच्या मशीनला वरती तेलाची छोटी काच असते. मशीन दहा मिनिटे चालवा. काचेत तेल उडताना दिसले नाही, तर पंप बंद आहे किंवा खाली तेलच नाही, असे समजा. तेल भरून पुन्हा बघा. तळाच्या तेलात चमकणारी भुकटी असेल, तर आतले लोखंड झिजते आहे. अशी मशीन फुकट मिळाली तरी महागच.

मोटारीकडे फार लोक पाहत नाहीत. जुनी क्लच मोटार आपण कापड लावत बसलो तरी फिरतच राहते आणि वीज खाते. सर्वो मोटार पायडल दाबल्यावरच फिरते. सौदा करताना हा फरक भावातून वजा करून घ्यावा.

मशीनवरचा नंबर बिलावर लिहून घ्या. बिल द्यायला जो कचरतो, त्याच्याकडून मशीन घेऊ नये; चोरीचा माल निघाला तर आपणच अडकतो. आणि मिस्त्रीला सोबत न्या, पण तो दुकानदाराने सुचवलेला नसावा. त्याची दिवसाची मजुरी आम्ही तेव्हा वाचवली होती.