पुणे वेधशाळा

पुणे वेधशाळा हे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील कार्यालयाचे लोकप्रचलित नाव आहे. शिवाजीनगर भागातील या कार्यालयाची उंच मनोरा असलेली दगडी इमारत 'शिमला ऑफिस' म्हणून ओळखली जाते व तिच्या जवळच्या चौकासही तेच नाव पडले आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा संपूर्ण देशासाठीचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज तयार करणे, हवामानाच्या जुन्या नोंदी जतन करणे, वेधशाळांसाठी उपकरणे बनवणे व तपासणे आणि कृषी हवामान सल्ल्याचे देशपातळीवर संयोजन करणे ही या कार्यालयाची प्रमुख कामे आहेत. हा विभाग केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो.

इतिहास

१८६४ मध्ये कोलकात्यास बसलेला चक्रीवादळाचा तडाखा आणि त्यापाठोपाठ १८६६ मध्ये ओडिशात पडलेला भीषण दुष्काळ यांमुळे हवामानाच्या नोंदी एका सूत्रात आणण्याची निकड तत्कालीन सरकारला जाणवली. त्यातून १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाली. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हे होते. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाची झळ दख्खनला फार मोठ्या प्रमाणावर बसली. पावसाचा अंदाज आधी सांगता येईल का, हा प्रश्न त्यानंतर सरकारने विभागापुढे ठेवला. हिमालयावर हिवाळ्यात अधिक बर्फ पडल्यास पुढील मोसमी पाऊस कमी होतो, असा संबंध ब्लॅनफर्ड यांनी मांडला. त्याच्या आधारे प्रारंभी काही वर्षे प्रायोगिक अंदाज दिल्यावर १८८६ मध्ये पहिला अधिकृत दीर्घ पल्ल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला.

१९०४ ते १९२४ या काळात विभागाचे महासंचालक असलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणितज्ञ होते. त्यांनी जगभरातील वायुभार, तापमान व पर्जन्य यांच्या नोंदींची सांख्यिकीय तुलना केली. प्रशांत महासागरावरील व हिंदी महासागरावरील वायुभार एकमेकांच्या उलट दिशेने कमीजास्त होतात, असे त्यांना आढळले. या आंदोलनाला त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. पुढे १९६० च्या दशकात याचा संबंध प्रशांत महासागराच्या तापमानाशी, म्हणजेच 'एल निनो'शी, जोडला गेला.

विभागाचे मुख्यालय प्रथम कोलकाता येथे व त्यानंतर शिमला येथे होते. १९२८ मध्ये ते पुण्यास हलवण्यात आले. शिमल्याहून आलेले कार्यालय म्हणून पुणेकरांनी नव्या इमारतीला 'शिमला ऑफिस' म्हणण्यास सुरुवात केली. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले. तथापि अंदाज, नोंदी, उपकरणे व कृषी हवामान यांसंबंधीच्या महत्त्वाच्या शाखा पुण्यातच राहिल्या. स्वातंत्र्यानंतर विमानवाहतुकीशी असलेल्या निकट संबंधामुळे विभाग काही काळ पर्यटन व नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे होता. नंतर तो विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाकडे गेला आणि २००६ पासून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आहे.

निरीक्षणे व उपकरणे

अंदाजाचा पाया निरीक्षण हा असतो. वेधशाळेत ठरावीक वेळी तापमान, आर्द्रता, वायुभार, वाऱ्याची दिशा व वेग, ढगांचे प्रमाण आणि पाऊस यांच्या नोंदी घेतल्या जातात. तापमापके जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. त्यामुळे त्यांना हवा लागते, परंतु थेट ऊन लागत नाही. पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजला जातो. 'काल अमुक मिलिमीटर पाऊस झाला' या वाक्याचा अर्थ आदल्या दिवशीच्या साडेआठपासून त्या सकाळच्या साडेआठपर्यंतचा पाऊस असा होतो. वातावरणाच्या वरच्या थरांची माहिती देशभरातील निवडक केंद्रांवरून सोडल्या जाणाऱ्या फुग्यांना बांधलेल्या उपकरणांतून, तसेच उपग्रह व रडार यांतून मिळते.

शिवाजीनगर येथील नोंदींची मालिका शंभर वर्षांहून अधिक काळाची आहे. पुण्याचे आजवरचे नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस असून ते जानेवारी १९३५ मध्ये नोंदले गेले. असे उच्चांक व नीचांक सांगता येतात ते एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, खंड न पडता मोजमाप झाल्यामुळे. देशभरातील अशा नोंदी पुण्यातील राष्ट्रीय विदा केंद्रात जतन केल्या जातात.

उपकरणे विलायतेहून आणावी लागत असताना ती देशातच बनवण्याचे काम पुण्यातील कार्यशाळेत उभे राहिले. त्यात भौतिकशास्त्रज्ञ अण्णा मणी यांचा वाटा मोठा आहे. त्या १९४८ मध्ये पुणे येथे रुजू झाल्या. सुमारे शंभर प्रकारच्या हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांचे उत्पादन सुरू करण्याचे श्रेय त्यांच्या नेतृत्वाखालील गटाला दिले जाते. सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्यातही त्यांनी पुढाकार घेतला.

मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज

अंदाजांचे काळानुसार चार प्रकार केले जातात : तीन दिवसांपर्यंतचा अल्प पल्ल्याचा, सुमारे दहा दिवसांपर्यंतचा मध्यम पल्ल्याचा, चार आठवड्यांपर्यंतचा विस्तारित पल्ल्याचा आणि संपूर्ण हंगामाचा दीर्घ पल्ल्याचा. शेवटचा अंदाज एप्रिलच्या मध्यास व पुन्हा मेच्या अखेरीस जाहीर होतो.

१९८८ मध्ये पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारित प्रारूप वापरात आणले. भूपृष्ठ व समुद्र यांचे तापमान, वायुभार, वरच्या थरांतील वारे, हिमाच्छादन अशा सोळा घटकांचा पुढील पावसाशी असलेला संबंध त्यात गणिताने मांडलेला होता. त्यानंतरची तेरा वर्षे देशाचा पाऊस साधारण स्वरूपाचाच राहिला. २००२ मध्ये मात्र १०१ टक्के पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस झाला. जुलैमध्ये तर सरासरीच्या सुमारे निम्माच पाऊस पडला. एखाद्या घटकाचा पावसाशी असलेला संबंध कायमचा नसतो, तो काळानुसार दुबळा होतो किंवा उलटतोही, हे यातून स्पष्ट झाले. २००३ पासून घटकांची फेरनिवड करून दोन टप्प्यांत अंदाज देण्यास आरंभ झाला. तरीही २००९ मध्ये एप्रिलच्या ९६ टक्क्यांच्या अंदाजापुढे प्रत्यक्ष पाऊस ७८ टक्केच झाला.

सांख्यिकीय पद्धतीला जोड म्हणून गतिकीय प्रारूपे वापरात आली. त्यांत वातावरण व महासागर यांच्या हालचालींची भौतिक समीकरणे महासंगणकावर सोडवली जातात. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (स्थापना १९६२) या कामात वेधशाळेची प्रमुख सहकारी आहे. तेथे २०१८ मध्ये 'प्रत्यूष' व २०२४ मध्ये 'अर्क' हे महासंगणक कार्यान्वित झाले. २०२१ पासून अनेक प्रारूपांचे निष्कर्ष एकत्र करून अंदाज दिला जातो. कोरडवाहू शेतीच्या पट्ट्यासाठी स्वतंत्र अंदाज, दर महिन्याचा अंदाज आणि कोणत्या भागात पाऊस अधिक वा कमी होण्याची शक्यता आहे हे दाखवणारे नकाशेही तेव्हापासून प्रसिद्ध होऊ लागले.

एल निनोच्या वर्षी पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते, परंतु तसे होतेच असे नाही. १९९७ मध्ये एल निनो अत्यंत तीव्र असूनही देशात १०२ टक्के पाऊस झाला. हिंदी महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांतील तापमानाचा फरक त्या वर्षी मोसमी पावसाला अनुकूल होता.

'सरासरीइतका' या शब्दाचा अर्थ

दीर्घ पल्ल्याच्या अंदाजातील टक्केवारी ही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील संपूर्ण देशाच्या पावसाची असते. १९७१ ते २०२० या काळातील सरासरी ८७ सेंटिमीटर असून तिलाच शंभर टक्के मानतात. ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सुमारे ८३.५ ते ९०.५ सेंटिमीटर, यास 'सरासरीइतका' म्हणतात. ९० टक्क्यांहून कमी पाऊस 'अपुरा' व ११० टक्क्यांहून अधिक पाऊस 'अतिरिक्त' ठरतो. अंदाजासोबत चार ते पाच टक्क्यांची संभाव्य चूकही नमूद केलेली असते.

या आकड्यात दोन गोष्टी नसतात : पाऊस कोठे पडेल आणि तो कोणत्या दिवशी पडेल. शेतकऱ्याला मात्र नेमक्या याच गोष्टी हव्या असतात. २०१५ मध्ये जूनमध्ये सुधारून दिलेला ८८ टक्क्यांचा अंदाज देशाच्या प्रत्यक्ष ८६ टक्के पावसाच्या अगदी जवळ होता. परंतु मराठवाड्यात पावसाची तूट सुमारे ४० टक्के होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. देशाचा आकडा जुळला, तरी लातूरचा दुष्काळ त्यात दिसत नव्हता.

२०१७ मध्येही असेच घडले. जूनमधील अंदाज ९८ टक्क्यांचा होता व हंगामाअखेर देशाचा पाऊस ९५ टक्के भरला. दरम्यान पेरणीनंतर मराठवाड्यात पावसाने ओढ दिली. जुलैमध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी अंदाजावर विसंबून पेरणी केल्याने नुकसान झाल्याची तक्रार हवामान विभागाविरुद्ध पोलिसांकडे दिली. खरिपाची पेरणी वाया गेल्यास दुबार पेरणी करावी लागते. बियाणे व खत यांचा खर्च दुप्पट होतो आणि हंगामाचे दिवसही हातचे जातात. त्यामुळे मृग नक्षत्रात पडलेल्या पहिल्या सरीवर पेरावे की थांबावे, हा निर्णय कोरडवाहू शेतकऱ्यासाठी वर्षभराच्या उत्पन्नाचा असतो. हंगामाचा आकडा हा निर्णय घेण्यासाठी पुरेसा नसतो. धरणांतील साठा, धान्याची आयात व पतपुरवठा यांच्या नियोजनासाठी मात्र तो उपयोगी पडतो.

कृषी हवामान सल्ला

पेरणीच्या निर्णयास उपयोगी पडणारी माहिती कृषी हवामान शाखेकडून मिळते. ही शाखा १९३२ मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. पिकाच्या उंचीवरील हवा, जमिनीचे तापमान, दव व बाष्पीभवन यांचा पिकाच्या वाढीशी असलेला संबंध तिने अभ्यासला. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागले. २००८ पासून जिल्हा पातळीवरील सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी दिला जातो. पुढील पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांच्या अंदाजावरून फवारणी, पाणी देणे, काढणी अशा कामांविषयी त्यात सूचना असतात. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत वाफसा आल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी तज्ज्ञांचा नेहमीचा सल्लाही त्यातून पोहोचवला जातो.

कृषी विज्ञान केंद्रांत उभारलेल्या १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रांनी हे काम अधिक स्थानिक केले होते. ती बंद करण्याचा निर्णय २०२४ च्या आरंभी झाला. त्यावर शेतकरी व अभ्यासक यांच्याकडून टीका झाली.

इशारे

जोरदार पाऊस, वादळ, उष्णतेची लाट यांसाठी रंगांनुसार इशारे दिले जातात. हिरवा रंग कोणतीही कृती आवश्यक नसल्याचे, पिवळा परिस्थितीवर लक्ष ठेवण्याचे, नारिंगी सज्ज राहण्याचे व लाल तातडीने कृती करण्याचे सुचवतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस 'मुसळधार', ११५.६ मिलिमीटरपासून 'अतिमुसळधार' आणि २०४.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस 'अत्यंत मुसळधार' मानला जातो. इशारा हा शक्यतेचा असतो. तो दिलेल्या प्रत्येक गावी तितका पाऊस पडेलच, असा त्याचा अर्थ नसतो.

लोकमानसात

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, अशा आशयाचे विनोद महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहेत. अल्प पल्ल्याचे अंदाज व चक्रीवादळांचे इशारे गेल्या काही दशकांत बरेच सुधारले आहेत. हंगामाचा अंदाज आणि एखाद्या गावी उद्या पडणारा पाऊस यांतील फरक सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवणे हे काम मात्र अद्याप अपुरे आहे. एप्रिलमध्ये जाहीर होणारी टक्केवारी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते, तर मंगळवार व शुक्रवारचा जिल्ह्याचा सल्ला तुलनेने थोड्याच शेतकऱ्यांच्या वाचनात येतो.