अंगणांतला हौद आणि चार जुलै

लेकीजांवयांच्या घरीं अमेरिकेंत उन्हाळा काढण्याचा योग हल्लीं आमच्या पुष्कळ वाचकांस येतो. ४ जुलैच्या सुमारास तिकडे राहिलेल्यांस अंगणांतल्या पोहण्याच्या हौदाभोंवतीं भरणारा मेळा ठाऊक असेलच. दोन वर्षांपूर्वीं न्यू जर्सींतील आमच्या कन्येनें शेजारचीं तीनचार कुटुंबें व कांहीं मराठी स्नेही यांस त्या दिवशीं बोलाविलें, आणि हा सोहळा यजमानाच्या बाजूनें कसा दिसतो तें आम्हांस पाहावयास मिळालें.

दिवसाविषयीं प्रथम थोडेंसें. १७७६ सालीं फिलाडेल्फिया येथें जमलेल्या प्रतिनिधींनीं इंग्लंडपासून स्वतंत्र होण्याचा ठराव खरोखर २ जुलैस केला. ४ तारखेस मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. जॉन अ‍ॅडम्स यांनीं ३ जुलैस पत्नीस पाठविलेल्या पत्रांत, पुढील पिढ्या २ जुलै हा दिवस खेळ, घंटानाद व रोषणाई यांनीं साजरा करतील, असें भाकीत केलें होतें. सोहळ्याचें वर्णन तंतोतंत खरें ठरलें. तारीख तेवढी चुकली!

तयारींत पहिला वाद निघाला तो कागदी हातपुसण्यांवरून. दुकानांत तारे व पट्टे छापलेल्या हातपुसण्यांच्या राशी पडलेल्या असतात आणि कन्येनें त्या आणिल्या होत्या. जांवई म्हणाले, ध्वजानें तोंड पुसावयाचें कीं काय? त्यांचें म्हणणें रास्त होतें. वापरून टाकून द्यावयाच्या वस्तूंवर ध्वज छापूं नये, असें अमेरिकेच्या १९४२ च्या ध्वजसंहितेंतच सांगितलें आहे. मात्र त्यासाठीं शिक्षा होत नसल्यामुळें ती कोणी पाळीत नाहीं. आपल्याकडे ध्वजाचा अवमान हा १९७१ च्या कायद्यानें गुन्हा ठरतो, म्हणून आपलें मन तेथें अधिक दचकतें. अखेर साध्या तांबड्या, पांढऱ्या व निळ्या हातपुसण्या आल्या आणि खरा ध्वज दारावर लागला.

खाण्याविषयीं फार लिहीत नाहीं. निखाऱ्यावर भाजलेलीं कणसें, कलिंगड, कैरीचें पन्हें, आणि शाकाहारी मंडळींकरितां निराळी शेगडी व निराळे चिमटे. या शेवटच्या गोष्टींत आमच्या सौभाग्यवतींनीं कसूर होऊं दिली नाहीं. उन्हाचा पारा ३२ अंशांवर गेला म्हणजे शिजविलेलें अन्न तासाभराहून अधिक बाहेर ठेवूं नये, हा तेथील नियम आपल्या वैशाखांतहि पाळण्याजोगा आहे.

तिसऱ्या प्रहरीं सर्वांचें छायाचित्र काढण्याचें ठरलें. हौदाच्या कांठीं अकरा मोठीं माणसें होतीं. पैकीं सात उत्तम पोहणारीं. एका स्नेह्यांचा चार वर्षांचा मुलगा दंडावरचे हवेचे फुगे काढून कणीस खावयास वर आला होता, तो पुन्हां एकटाच पायऱ्यांवरून उतरला. आवाज झाला नाहीं. पाणी उडालें नाहीं. बुडणारें मूल हांका मारील ही आपली समजूत चुकीची आहे. श्वासासाठीं धडपडणाऱ्या तोंडास ओरडावयास सवडच मिळत नाहीं. अमेरिकेंत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणें हें पहिलें कारण आहे, हें आम्हांस मागाहून समजलें. आम्ही स्वतः हौदापासून पांच हातांवर उभे राहून टोपी सांवरीत होतों.

ओरडल्या त्या कोपऱ्यांतील खुर्चीवर बसलेल्या शेजारच्या बाई. जांवयांनीं कपड्यांनिशीं उडी घातली आणि मूल वर काढलें. तें खोकलें, ओकलें व मोठ्यानें रडूं लागलें. रुग्णालयांत नेऊन तपासून आणलें. सुदैवानें कांहीं झालें नव्हतें.

सायंकाळीं आम्हीं त्या बाईंस विचारलें, आम्हां अकरा जणांस दिसलें नाहीं तें आपणांस कसें दिसलें? त्या पंचाहत्तरीच्या घरांतल्या, कृष्णवर्णीय, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "मला पोहतां येत नाहीं, म्हणून पाण्यावरची नजर मी काढीत नाहीं." दक्षिणेकडील त्यांच्या गांवांत तलाव होता, पण त्यांच्यासाठीं नव्हता, आणि सर्वांस मोकळा करण्याची वेळ आली तेव्हां तो बंदच करण्यांत आला. असें पुष्कळ ठिकाणीं झालें. १८ जून १९६४ रोजीं फ्लॉरिडांतील सेंट ऑगस्टीन येथें काळे व गोरे सत्याग्रही एका निवासगृहाच्या तलावांत एकत्र उतरले, तेव्हां मालकानें त्या पाण्यांत आम्ल ओतलें. नागरी हक्कांच्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली ती त्यानंतर दोन आठवड्यांनीं, २ जुलैस. यांत आम्हां महाराष्ट्रीयांनीं नवल करण्याजोगें कांहीं नाहीं. १९२७ सालीं ज्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तें आपल्याच महाडांतलें.

त्या रात्रीं जांवयांशीं बोलतांना आम्हांस गांवची विहीर आठवली. पाठीला सुका भोपळा बांधून आम्हांस पाण्यांत सोडीत. कांठावर चुलते, मामा, आत्येभाऊ मिळून दहा जण असत, परंतु कमरेच्या दोराचें टोंक एकाच काकांच्या हातीं असे, आणि तोंवर ते तपकिरीची डबीसुद्धां उघडीत नसत. भरल्या घरांत सर्वांचें लक्ष आहे असें प्रत्येकास वाटतें, आणि म्हणूनच कोणाचेंहि नसतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस तरी हें कबूल करावयास हरकत नसावी.

गतवर्षीं आमचें तांबड्या कांठाचें उपरणें या कामीं आलें. तें ज्याच्या गळ्यांत, त्यानें पंधरा मिनिटें केवळ पाण्याकडे पाहावयाचें. फोन नाहीं, पेला नाहीं, गप्पा नाहींत. पाळी संपतांना "आतां पाणी तुमचें" असें म्हणून तें दुसऱ्याच्या गळ्यांत घालावयाचें, आणि दुसऱ्यानें "घेतलें" म्हटल्याखेरीज उठावयाचें नाहीं. हौदाभोंवतीं चार फुटी कुंपण असून त्याचें दार आपोआप लागतें. पोहणें संपतांच रंगीत चेंडू व खेळणीं पाण्यांतून काढून ठेवितात, कारण त्यांच्या ओढीनेंच लहान मूल पुन्हां कांठाशीं जातें. फुलबाज्या अंधार पडल्यावर, हौदापासून दूर व पाण्याची बादली जवळ ठेवून. त्यांची उष्णता हजार अंशांवर जाते, हें दिवाळींतहि आपण विसरतों.

पहिली पाळी त्या बाईंनीं मागून घेतली. पोहणारा हवा म्हणून जांवई शेजारीं बसले. उपरणें कसें घ्यावयाचें तें आमच्या नातवानें त्यांस दाखविलें, पण दोन्हीं टोंकें पुढें घ्यावींत कीं एक मागें टाकावें याविषयीं त्याचाच गोंधळ झाला. पंधरा मिनिटें झालीं, वीस झालीं. दुसरा मनुष्य समोर येऊन उभा राहिला, तेव्हां त्यांनीं मान न वळवितांच हातानें त्याला बाजूस होण्याची खूण केली. तो पाण्याच्या आड येत होता.