विश्लेषण : ओबडधोबड गारगोटी घरी चकचकीत करायला महिना का लागतो?

शेताच्या बांधावर, नदीच्या वाळूत किंवा विहिरीतून काढलेल्या ढिगात खडबडीत गारगोट्या सहज सापडतात. त्या घरच्या घरी गुळगुळीत करून देणारी छोटी यंत्रे आता ऑनलाइन मिळतात. मात्र, चार दिवसांत दगड चमकतील या अपेक्षेने यंत्र आणणाऱ्यांची निराशा होते. या कामाला चार-पाच आठवडे लागतात आणि त्याला कारणही आहे. शिवाय दगडाच्या बारीक धुळीचा धोका समजून घेतल्याशिवाय हा छंद सुरू करणे योग्य नाही.

यंत्र नेमके काय करते?

‘टम्बलर’ नावाच्या या यंत्रात दोन रूळ असतात आणि त्यांवर एक रबरी डबा आडवा ठेवलेला असतो. मोटर रूळ फिरवते आणि रुळावर डबा फिरतो. डब्यात दगड, पाणी आणि घासणारी पूड असते. डबा फिरताना दगड एका बाजूने वर चढतात आणि एकमेकांवरून घसरत खाली येतात. घासण्याचे सगळे काम या घसरण्यात होते. त्यामुळे डबा दोन तृतीयांशाच्या आसपास भरावा लागतो. कमी भरला तर दगड आपटून फुटतात, गच्च भरला तर हलतच नाहीत.

वेग वाढवल्यास काम लवकर होईल का?

नाही. दहा सेंटिमीटर व्यासाचा डबा मिनिटाला साधारण १३४ फेरे घेऊ लागला, तर केंद्रोत्सारी बलामुळे दगड डब्याच्या कडेला चिकटूनच फिरतील आणि घासकाम थांबेल, असे गणित सांगते. त्याच्या बऱ्याच आधी दगड घसरण्याऐवजी उडून आपटू लागतात आणि त्यांना बारीक चिरा पडतात. म्हणून ही यंत्रे मुद्दाम संथ ठेवलेली असतात.

चार टप्पे कशासाठी?

मोझॅकची फरशी घासणारे कारागीर आधी जाड, मग बारीक दगड लावतात. इथेही तेच तत्त्व आहे. पहिल्या टप्प्यात ६०/९० क्रमांकाची सिलिकॉन कार्बाइडची पूड वापरतात. पॉलिश पेपरप्रमाणेच क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक. पहिल्या पुडीचा कण पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. तो दगडाचे कोपरे आणि खड्डे काढतो, पण स्वतःचे ओरखडे मागे ठेवतो. ते ओरखडे १२०/२२० ची पूड काढते, तिचे ओरखडे ५०० ची पूड काढते. शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी अतिशय बारीक पूड लागते. ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान झाले, की प्रकाश विखुरत नाही, सरळ परावर्तित होतो. यालाच आपण चमक म्हणतो.

प्रत्येक टप्प्याला साधारण सात दिवस लागतात. अर्धा किलो दगडांना दोन मोठे चमचे पूड आणि दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली येईल इतके पाणी पुरते. आठवडाभरात पुडीचे कण स्वतःच झिजून निकामी होतात. त्यामुळे पहिला टप्पा वाढवायचा असेल तर ताजी पूड घालावी लागते.

घाई केल्यास काय बिघडते?

प्रत्येक टप्पा फक्त आधीच्या टप्प्याचे ओरखडे काढू शकतो. पहिल्या आठवड्यात राहिलेला खड्डा शेवटच्या पॉलिशने बुजत नाही, उलट चमकदार दगडावर तो अधिक उठून दिसतो. म्हणून पहिला टप्पा दोन-तीन वेळा करावा लागला तरी अनुभवी छांदिष्ट तो करतात. सुरुवातीला वाचवलेला आठवडा पुढे कोणत्याही टप्प्यात भरून निघत नाही.

दुसरी नेहमीची चूक स्वच्छतेची. पॉलिशच्या डब्यात जाड पुडीचे चार कण जरी गेले, तरी सगळ्या दगडांवर पुन्हा ओरखडे उठतात. त्यामुळे प्रत्येक टप्प्यानंतर दगड, डबा आणि झाकणाची खाच जुन्या ब्रशने धुवावी लागते. पॉलिशसाठी वेगळा डबा ठेवणे उत्तम.

टप्पा पूर्ण झाला हे कसे ओळखायचे?

ओल्या दगडावरून अंदाज बांधू नये. पाणी ओरखड्यांत भरते, त्यामुळे ओला दगड नेहमीच चमकदार दिसतो. दगड पूर्ण कोरडा करून खिडकीतल्या तिरप्या उजेडात फिरवून पाहावा. खड्डे, चिरा किंवा धारदार कड दिसली तर तो दगड पुढच्या टप्प्यात न घालता पुढच्या घाण्यासाठी बाजूला ठेवावा.

कोणते दगड चालतात?

एका घाण्यात सारख्या कठीणपणाचेच दगड हवेत. गारगोटी, अकीक आणि जास्पर यांचा मोह्स मापनश्रेणीतील कठीणपणा सातच्या आसपास असतो, तर कॅल्साइटचा तीन. दोन्ही एकत्र टाकल्यास कॅल्साइट झिजून जाते. याबाबत महाराष्ट्र भाग्यवान आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाण्याने थरावर थर साचवले आणि त्यातून अकीक तयार झाले. याच पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे सुंदर स्फटिकही मिळतात. ते मात्र मऊ असल्याने टम्बलरमध्ये त्यांचा चुरा होतो. ते आहेत तसेच जपावेत. काळा बेसॉल्टही निराशा करतो. त्यातील वेगवेगळी खनिजे वेगवेगळ्या वेगाने झिजतात, त्यामुळे त्याला काचेसारखी चमक येत नाही.

धुळीचा धोका किती?

गुजरातमधील खंभातमध्ये अकीक घासण्याचा व्यवसाय फार जुना आहे. तिथे मणी, पाणी आणि बारीक पूड चामड्याच्या पिशवीत घालून दोन माणसे ती दहा-पंधरा दिवस इकडून तिकडे लोळवत असत. आजचा टम्बलर हे त्याचेच यांत्रिक रूप. पण सरसाच्या चाकावर दगड घासताना उडणाऱ्या धुळीने तिथल्या अनेक कारागिरांना सिलिकोसिस जडला. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात रुततात, तिथे व्रण तयार होतात आणि श्वास अपुरा पडू लागतो. हा आजार बरा होत नाही, क्षयाचा धोकाही वाढतो.

टम्बलरमध्ये काम पाण्यात चालते, म्हणून ते तुलनेने सुरक्षित आहे. धोका असतो तो सांडून वाळलेल्या गाळाचा आणि हातोडीने दगड फोडण्याचा. दगड फोडताना तो जाड कापडात गुंडाळून ओला करावा, चष्मा आणि एन-९५ मास्क लावावा. साधा रुमाल पुरेसा नाही. सांडलेला गाळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा.

डब्यातला गाळ काय करायचा?

तो मोरीत किंवा बेसिनमध्ये अजिबात ओतू नये. नळीत तो सिमेंटसारखा घट्ट बसतो. बादलीत एक-दोन दिवस निवळू द्यावा, वरचे पाणी काढावे आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. काही दगडांमुळे डब्यात वायू साचतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस झाकण रोज एकदा उघडावे.

दगड कुठूनही उचलता येतात का?

शेत किंवा खाण असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. केंद्र सरकारने २०१५ मध्ये अकीकाचा समावेश गौण खनिजांत केला. त्यामुळे विक्रीसाठी उत्खनन करायचे तर राज्य सरकारची परवानगी लागते. अभयारण्ये आणि संरक्षित स्मारकांच्या परिसरातून काहीही उचलू नये. आणखी एक काळजी महत्त्वाची. नेवासे, इनामगाव यांसारख्या ठिकाणी प्राचीन माणसाने याच जातीच्या दगडांपासून केलेली छोटी पाती उत्खननात सापडली आहेत. पातळ, धारदार, कडेला नेमके टवके काढलेला तुकडा दिसला तर तो हजारो वर्षांपूर्वीचे हत्यार असू शकतो. टम्बलरमध्ये आठवडाभरात त्याची धार आणि त्यासोबत त्याचा इतिहासही पुसला जाईल. असा तुकडा जागेवरच ठेवून छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.

विजेचा खर्च किती?

मोटर २५ वॉटची धरली, तर महिनाभर रात्रंदिवस चालून १८ युनिट वीज लागते. वीजबिलापेक्षा आवाजाचा त्रास मोठा असतो. यंत्र झोपायच्या खोलीपासून दूर, हवा खेळती असेल अशा ठिकाणी, ट्रेमध्ये ठेवावे. बंद कपाटात ठेवल्यास मोटर तापते. आणि पहिल्या घाण्यासाठी महागडे दगड विकत घेण्याची गरज नाही, ओळखीच्या शेतातल्या मूठभर गारगोट्या शिकण्यासाठी पुरेशा आहेत.